प्लासिबो गटातलं शून्य

बायोटिन म्हणजे केस-नखांसाठी लोक घेतात ते जीवनसत्त्व. रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचंड मात्रेत दिलं तर हळूहळू वाढत जाणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अपंगत्व कमी होतं का, हे फ्रान्समध्ये १५४ रुग्णांवर तपासलं. २०१६ चा निकाल: बायोटिन गटात सुमारे १३ टक्के रुग्ण सुधारले, प्लासिबो गटात एकही नाही. आशा वाटणं साहजिकच होतं.

पण प्लासिबो गटात होते फक्त ५१ जण. सगळा निष्कर्ष त्यांच्या शून्यावर उभा होता. २०२० मध्ये ६४२ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: बायोटिन १२ टक्के, प्लासिबो ९. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. गंमत बघा, बायोटिनचा आकडा जवळपास तोच राहिला. हलला तो प्लासिबोचा.

शिवाय इतक्या बायोटिनमुळे थायरॉईड, ट्रोपोनिनसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. म्हणजे ‘जीवनसत्त्वच आहे, घेतलं तर काय बिघडतं’ हेही खरं नाही.

तेव्हा पेपर वाचताना औषधाच्या टक्केवारीआधी तुलनेचा गट बघा: किती जण, आणि त्यांच्यात काय घडलं. व्यायामाच्या अभ्यासात तर हे जास्तच बघा, कारण आपण व्यायाम करतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही.