तीन मिलिग्रॅमची पिवळी ज्योत

उपकरणापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेत मिसळून भडकवलं जातं. खोली साधारण ६० घनमीटरची. दुसऱ्या टोकाला वर्णपट पाहायच्या उपकरणाच्या फटीपुढे बिनरंगी ज्योत जळते आहे आणि तिचा वर्णपट कुणीतरी दुर्बिणीतून न्याहाळतं आहे. काही मिनिटं जातात. ज्योत हळूहळू फिकट पिवळी होते, सोडियमची रेषा ठळक उमटते आणि पुरती मावळायला दहा मिनिटं घेते.

रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खहॉफ यांच्या १८६० सालच्या शोधनिबंधातला हा प्रसंग. हायडेलबर्गला केलेल्या या कामाने वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखायची रीत रूढ केली, म्हणून निबंध गाजला. मला मात्र त्याचा प्राण या छोट्याशा परिच्छेदात दिसतो.

फ्लेम टेस्ट केलेल्या प्रत्येकाला या पिवळ्याने छळलेलं असतं. प्लॅटिनमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, पुन्हा बुडवायची. रंग उमटेनासा होईपर्यंत हेच. एवढं करून तारेला बोट लागलं की घामातलं मीठ परत पिवळं करून ठेवतं. दिलेल्या क्षारात पोटॅशियम असेल तर त्याची फिकी जांभळी छटा या पिवळ्याखाली पार बुडते, म्हणून निळी कोबाल्ट काच डोळ्यांपुढे धरावी लागते. पोटॅशियमची बाजू मुळातच पडती. त्याच्या मुख्य रेषा ७६६ आणि ४०४ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दृष्टीच्या दोन्ही काठांवर. सोडियमची मात्र ५८९ला, जिथे डोळा चांगला जागा असतो. तेव्हा चूक तारेची, हाताची आणि डोळ्याचीही.

ही चूक मोठमोठ्यांनाही चकवून गेली होती. १८२६ साली हेन्री फॉक्स टॅल्बट यांना हाच पिवळा प्रकाश सोडियमच्या क्षारांत दिसला, तसाच लाकूड, कागद, हस्तिदंत जाळतानाही दिसला. या सगळ्यांत समान काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि बोट पाण्याकडे दाखवलं. तर्क सरळ होता. फसला तो नमुने स्वच्छ आहेत हे धरून चालल्यामुळे. ती रेषा जिथे-तिथे दिसते ती मिठाच्या नाममात्र अंशामुळे, हे विल्यम स्वान यांनी दाखवून दिलं तेव्हा १८५०चं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं.

आता बुन्सेन-किर्खहॉफ यांचा परिच्छेद पुन्हा वाचावा. इतरांनी जी घाण धुऊन काढायची धडपड केली, ती या दोघांनी तोलून, मोजून, मुद्दाम खोलीत सोडली! प्रत्येक तपशील हेतूने निवडलेला आहे. कोपरा सर्वांत लांबचा, म्हणजे जे पोचेल ते हवेतूनच पोचेल. क्लोरेट आणि साखर, कारण हे मिश्रण भडकतं आणि सोडियमचा धूर करून टाकतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची नोंद: दहा मिनिटांनी रेषा पुरती गेली. ती गेली नसती तर आधीचं दिसणं कवडीमोलाचं ठरलं असतं. तारेवरचा किंवा बर्नरवरचा मळ आणि कोपऱ्यातला धूर यांत फरकच करता आला नसता. मावळण्याची वेळ टिपून त्यांनी वाचकाच्या मनातली शंका तो विचारण्याआधीच फेडली आहे.

जवळच आणखी एक निरीक्षण आहे, तितकंच जिवंत. धुळकट पुस्तक काही पावलांवर आपटून मिटलं तरी ज्योतीत सोडियमची रेषा चमकून जाते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग खाऱ्या पाण्याखाली. त्याचे तुषार वाऱ्यावर सुकतात आणि मिठाचे कण हवेत तरंगत राहतात, असा उलगडा ते करतात. एका तारेवरचा डाग थेट समुद्रापर्यंत नेऊन पोचवणारी ही झेप मला फार आवडते.

एका जागी मात्र अडखळायला होतं. ज्योतीतून सेकंदाला सुमारे ५० घनसेंटिमीटर हवा जाते असं धरून, मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम क्षार डोळा ओळखतो, असा निष्कर्ष ते देतात. त्यांचेच आकडे कागदावर मांडले तर ६० घनमीटरमधल्या तीन मिलिग्रॅमपैकी ५० घनसेंटिमीटरच्या वाट्याला मिलिग्रॅमचा चार लाखावा भाग येतो. फरक सात-आठ पटींचा आहे आणि तो सांगायलाच हवा. तरीही मुद्दा ढळत नाही, कारण चार लाखावा भागही त्या काळच्या कोणत्याही तराजूच्या आवाक्याबाहेरचा होता.

या परिच्छेदाचं खरं फळ त्याच वर्षी हाती आलं. ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं खनिजयुक्त पाणी, त्यात सोडियम, पोटॅशियम, लिथियम, कॅल्शियम, स्ट्राँशियम सगळंच. कॅल्शियम, स्ट्राँशियम आणि बरंचसं लिथियम काढून उरलेल्या द्रवाचा थेंब ज्योतीत धरला आणि अगदी जवळजवळ दोन निळ्या रेषा दिसल्या. परिस्थिती टॅल्बट यांच्यासारखीच: अनोळखी रेषा आणि मिसळलेला नमुना. पण बुन्सेन यांना आता कुठली रेषा कुणाची आणि कोण कुठवर लुडबुड करतं हे ठाऊक होतं. त्या दोन रेषा मळाच्या खात्यावर टाकता येत नव्हत्या. त्यांनी नव्या मूलद्रव्याला सीझियम नाव दिलं आणि ते वेगळं काढायला सुमारे ४४ टन पाणी आटवायला घेतलं.