तालमीतील शुद्धीकरण

दलित साहित्याची चर्चा आपण छापील संहितेपासून सुरू करतो आणि बहुधा तेथेच संपवतो. नाटकाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी आहे, बालनाट्याच्या बाबतीत तर ती फसवी आहे. वस्तीतील कार्यकर्ते मुलांचे नाटक बसवतात तेव्हा त्याचा खरा आशय पहिल्या प्रयोगाच्या आधीच्या आठ दिवसांत ठरतो. कागदावरची संहिता परिवर्तनाची असते. पण कार्यकर्ते घाईला आलेले असतात, आणि घाईत माणसाच्या मनातली जुनी व्यवस्था गुपचूप कामाला लागते. समीक्षेने म्हणून तालमीतही बसले पाहिजे.

कुडवा हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. या भागातल्या मुलाच्या कानावर झाडीबोली, हिंदी, पोवारी अशा अनेक बोली एकाच वेळी पडतात. दिवाळी सरली की पूर्व विदर्भात मंडई भरते, दंडार उभी राहते, रात्र-रात्र नाटके चालतात. नाटक म्हणजे काय हे येथल्या मुलाला शहरातून येऊन कोणी शिकवण्याची गरज नाही.

समजा, अशा गावातल्या समाजमंदिरात महाडच्या सत्याग्रहावर मुलांचे नाटक बसते आहे. एक मुलगा ओंजळ पुढे करून म्हणतो, "आमाले पानी पायजे." बसवणारा कार्यकर्ता त्याला थांबवतो. "पानी नाही, पाणी." मुलगा पुन्हा म्हणतो, पुन्हा चुकतो, बाकीची मुले हसतात. झाडीबोलीत 'ण' नाही, हे त्या मुलाचे अज्ञान नव्हे, ते त्याच्या बोलीचे व्याकरण आहे. पण दहाव्या वेळी त्याचे लक्ष पाण्यावरून उडून स्वतःच्या जिभेवर गेलेले असते. तहान संपते, उच्चार उरतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे शुद्धीकरण केले. तोच प्रसंग रंगवताना आपण मुलाच्या जिभेचे शुद्धीकरण करतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. याहून मोठी विसंगती कोणती?

ही खोड आपल्याकडे आली कोठून? मराठीत संघटित बालरंगभूमी उभी राहिली ती मुंबईत. सुधा करमरकर यांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केले, रत्नाकर मतकरी यांची 'मधुमंजिरी' त्याच रंगभूमीवर आली. त्या कामाचे मोल कमी नाही. मुलांसाठी पूर्ण ताकदीने नाटक करावे, ही दृष्टी तिने दिली. पण तिचे राक्षस, पऱ्या आणि राजपुत्र ज्या मराठीत बोलत, ती पांढरपेशा घराची मराठी होती. हळूहळू तीच 'नाटकाची भाषा' ठरली. झाडीपट्टीच्या व्यावसायिक नाटकातही नायक बहुधा प्रमाण मराठी बोलतो आणि बोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. म्हणजे आपली बोली हसण्यापुरती चालते, रडण्यासाठी आणि हक्क मागण्यासाठी चालत नाही!

आपली परंपरा मात्र वेगळे सांगते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले तेव्हा कुणब्याच्या घरातील माणसे बोलभाषेतच बोलली, आणि नाटकाच्या शेवटी ती शिकायला निघाली. आधी त्यांची जीभ स्वच्छ करून मग त्यांना रंगमंचावर आणावे, असे जोतीरावांना वाटले नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आणि १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा ज्या शब्दांना मराठी वाङ्मयाने दारात उभे केले नव्हते, ते शब्द घरात शिरले. त्या पुस्तकांवर अभिमानाने भाषणे देणारे आपण, दहा वर्षांच्या मुलाच्या 'पानी'ला मात्र घाबरतो.

यावर आईबापांचा एक आक्षेप असतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. "पोराला नीट बोलता आले नाही तर पुढे नोकरी कोण देईल?" खरे आहे. प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी, सारे त्याने शिकलेच पाहिजे. शिक्षणाबाबत तडजोड ही आपली वाट नव्हे. पण शाळा रोज परीक्षा घेतच असते. समाजमंदिरातला रंगमंच तरी परीक्षेचा वर्ग होऊ नये. मुलाने प्रमाण भाषा मिळवावी, ती आपल्या भाषेच्या मोबदल्यात मिळवू नये.

भाषेइतकाच प्रश्न भूमिकांचा आहे. निळा कोट, चष्मा आणि हातातले पुस्तक कोणाला मिळते? स्पष्ट बोलणाऱ्या, गोऱ्या, शिकलेल्या घरच्या मुलाला. झाडू कोणाच्या हाती येतो? आणि तालीम संपल्यावर सतरंज्या कोण गुंडाळते? बहुतेक ठिकाणी मुलीच. प्रेक्षकांना हे दिसत नाही, मुलांना दिसते. समतेचा पहिला धडा त्यांनी संवादांतून घेतलेला नसतो, या वाटणीतून घेतलेला असतो.

वेगळी वाट अशक्य नाही. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने मतकरी यांनीच आयुष्याच्या उत्तरार्धात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तेथे लोकवस्तीतल्या मुलामुलींनी आपल्या जगण्यावर आपणच नाटिका रचल्या. ज्यांनी बालरंगभूमीला राक्षस आणि राजपुत्र दिले, तेच लेखक शेवटी वस्तीतल्या मुलांचे ऐकायला बसले. या प्रवासातून आपण शिकावे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे. संहिता हाती देण्याआधी प्रसंग सांगावा आणि मुलांना तो आपल्या शब्दांत बोलू द्यावा. ते शब्द मग लिहून घ्यावेत. बाबासाहेबांची भूमिका तालमीत प्रत्येकाला, मुलींनाही, एकदा करू द्यावी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी उच्चार सुधारू नयेत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, एवढेच पाहावे. झाडू आणि सतरंजी पाळीपाळीने सर्वांच्या हाती यावी, बसवणाऱ्याच्याही.

पडदा उघडेल तेव्हा मुलगा 'पानी' म्हणेल. काही पाहुणे हसतील. हसू द्यावे. त्याच्या मागणीत जोर असेल, तर ते हसू फार वेळ टिकणार नाही.