‘घेराव’ कोणी कोणाला घातला?

‘घेर’ हा शब्द मराठीला नवा नाही. घागऱ्याचा घेर, वडाचा घेर, आमच्या वालूरच्या चक्राकार बारवेचा घेर. हे नुसते माप झाले. ‘घेरणे’ या क्रियापदात मात्र मध्ये माणूस येतो आणि त्याच्या भोवती दुसरी माणसे येतात.

‘घेराव’ हे नाम राजकीय अर्थाने देशभर गाजले ते १९६७ साली, पश्चिम बंगालमधून. मागणी मान्य होईपर्यंत कामगारांनी व्यवस्थापकाला त्याच्याच कचेरीत अडवून धरायचे. कामगारमंत्री सुबोध बॅनर्जी यांचे नाव या शब्दाशी जोडले गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याची व्याख्या केली, इंग्रजी कोशांनी तो घेतला, मराठी वृत्तपत्रांनीही घेतला.

माझे विद्यार्थी त्याचा अर्थ ‘वेढून त्रास देणे’ असा लिहितात. अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. मध्ये कोण सापडला आहे, हे त्यातून कळत नाही. आमच्या घरात शब्दकोश आणणारा मी पहिलाच. म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. मालक, मंत्री, कुलगुरू घेरला गेला की तो ‘घेराव’. आणि दलित वस्ती घेरली गेली तर?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. याला ‘दंगल’ म्हटले गेले. दंगल म्हणजे कुस्त्यांचा फड. तेथे दोन मल्ल असतात आणि दोघेही राजीखुशीने उतरतात. जळत्या घरातून लेकरू ओढून काढणारी बाई कोणत्या फडात उतरली होती?

आगीआधीचा घेर तर डोळ्यांना दिसतही नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की त्यांची जमीन काढून घेतली जाते, काम बंद होते, वाट अडते, वाणी माल देत नाही, हे त्या समितीने नोंदवले. याला आपण ‘वाळीत टाकणे’ म्हणतो, जणू माणूस बाहेर टाकला आहे. वस्तुतः तो आत कोंडलेला असतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केला तो २०१६ साली.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढच्या बंदनंतर अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. पोलीस वस्त्यांत घुसल्याच्या तक्रारी झाल्या. त्यासाठी ‘कोंबिंग’ हा शब्द आला. या शब्दातही घेरणारा दिसत नाही.

शब्दाचा धातू सापडला म्हणजे व्युत्पत्ती संपली, असे मानणारी समीक्षा आपल्या कामाची नाही. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: अहवालात, कथेत, आत्मकथनात ‘दंगल झाली’ असे लिहून थांबू नका. कोणी घेरले, कोणाला घेरले, पाणी कोणी तोडले, हे कर्त्यासह लिहा.