चार टक्के, पण कशाचे?

आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की लांब पल्ल्याचे धावपटू क्रीडाशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, कोणते बूट घेऊ?’ दुकानदारांचे आणि जाहिरातींचे उत्तर तयार असते. बूट जितका हलका तितका वेग जास्त. तळात कार्बनची पट्टी असेल तर आणखी जास्त. आणि या साऱ्यावर विज्ञानाची मोहोर म्हणून ‘चार टक्के’ हा आकडा. अनेक घरांत अशा बुटांची किंमत महिन्याच्या किराण्याहून अधिक असते. म्हणूनच हा आकडा कोठून आला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्याने तपासायला हवे.

प्रथम हलकेपणाचा मुद्दा घेऊ. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढले, तर धावताना लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते, असे १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. दोन्ही बूट मिळून २०० ग्रॅम म्हणजे ६० किलो वजनाच्या धावपटूच्या वजनाच्या अवघा एक तृतीयांश टक्का. मग खर्च तिप्पट का? कारण पायातले वजन नुसते वाहायचे नसते. दर पावलाला ते उचलायचे, पुढे फेकायचे आणि पुन्हा थांबवायचे असते.

कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली याची सुरेख चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी बुटांमध्ये शिशाच्या बारीक गोळ्या लपवल्या आणि धावपटूंना त्याचा पत्ता लागू न देता त्यांना ३ किमी धावायला लावले. दर १०० ग्रॅममागे वेळ सुमारे ०.७८ टक्क्याने वाढली. १० मिनिटांत ३ किमी धावणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक साडेचार ते पाच सेकंदांचा आहे. शर्यतीत तो मोलाचा असू शकतो. हा दावा खरा आहे, आणि तो तपासायला किराणा दुकानातला तराजूसुद्धा पुरतो.

आता चार टक्के. हा आकडा नायकी कंपनीच्या ‘व्हेपरफ्लाय’ या बुटाच्या चाचणीतून आला. ती २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. १८ निष्णात पुरुष धावपटू ताशी १४, १६ आणि १८ किमी वेगाने ट्रेडमिलवर धावले आणि त्यांनी वापरलेला प्राणवायू मोजला गेला. शर्यतीच्या इतर दोन बुटांच्या तुलनेत नव्या बुटात सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. तुलना करण्यापूर्वी शिशाच्या गोळ्या घालून बुटांची वजने सारखी केली होती. म्हणजे हे चार टक्के हलकेपणाचे नव्हतेच! ते मुख्यतः तळातील जाड फोमचे होते. हा फोम दाबला गेल्यावर त्यात साठलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के परत देत होता. तुलनेतले इतर दोन बूट सुमारे ६६ व ७६ टक्के परत देत होते. वर्गात हे तत्त्व गोटीने दाखवता येईल. १ मीटर उंचीवरून फरशीवर सोडलेली गोटी ६० सेंमी उसळली, तर ६० टक्के ऊर्जा परत मिळाली. तीच गोटी मऊ उशीवर सोडा, ती जवळजवळ उसळतच नाही. मऊपणा वेगळा आणि उसळी वेगळी, हे विद्यार्थ्यांना लगेच पटेल. बुटाला बोटाने दाबून ‘किती मऊ आहे’ म्हणणारा ग्राहक नेमका हाच घोटाळा करत असतो.

कार्बनच्या पट्टीचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी याच जातीच्या बुटातील पट्टी आडवी चिरून तिचा ताठपणा घालवला. ऊर्जेच्या खर्चात म्हणावा असा फरक पडला नाही. जाहिरातीत सर्वांत ठळकपणे छापली जाणारी गोष्ट एकटीने फारसे काम करत नव्हती. त्यामुळे कोणत्याही फोममध्ये पट्टी बसवली की बूट वेगवान झाला, हे समीकरण चुकीचे ठरते.

मूळ चाचणीबद्दल दोन आक्षेप घेतले जातात. खर्च कंपनीने केला होता आणि काही लेखक कंपनीच्या नोकरीत होते. शिवाय पायात कोणता बूट आहे, हे धावपटूंना दिसत होते. पहिला आक्षेप रास्त आहे, पण त्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. फेरतपासणीची गरज मात्र ठरते. ती झाली. न्यूझीलंडमधील संशोधकांना २४ धावपटूंवरील चाचणीत बराचसा तसाच फायदा आढळला. दुसऱ्या आक्षेपाची धार प्राणवायूच्या मोजणीमुळे थोडी कमी होते, कारण केवळ उत्साहाने त्याची गरज घटवणे सोपे नसते.

खरी चूक होते ती हा आकडा प्रयोगशाळेतून दुकानात येताना. चार टक्के ऊर्जा म्हणजे चार टक्के वेळ नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. म्हणून अव्वल मॅरेथॉनपटूला ऊर्जेतील बचतीचा सुमारे दोन तृतीयांश भागच वेगात मिळतो. दुसरे, ही सरासरी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनियाच्या अव्वल धावपटूंपैकी कोणाला अशा बुटाने मोठा फायदा झाला, तर कोणाला चक्क तोटा. तिसरे, प्रयोग वेगवान धावपटूंवर झाला होता. त्याच २०२३ साली ताशी १२ व १० किमी वेगाने मोजणी झाली तेव्हा सरासरी फायदा अनुक्रमे १.४ आणि ०.९ टक्के एवढाच उरला. दुकानात बूट घेणारे बहुतेक जण याच वेगाचे असतात.

याच्या उलट टोकाचा युक्तिवादही ऐकू येतो : ‘अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी जिंकला, मग बूट हवेत कशाला?’ बिकिलाने तेव्हा २ तास १५ मिनिटे १६ सेकंद घेतले. १९६४ साली टोकियोत बूट घालून त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत शर्यत जिंकली. पण एक माणूस, दोन शर्यती आणि दोन वेगळे मार्ग यांवरून ना अनवाणी पायाचा विजय सिद्ध होतो, ना बुटाचा. जाहिरातीला लावलेली कसोटी आपल्या आवडत्या गोष्टीलाही लावली पाहिजे.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? पहिली कसोटी मापाची. दुपारनंतर, मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घालून दुकानात थोडे धावून पाहावे. दुसरी कसोटी वजनाची. वेगाच्या सरावासाठी हलका, साधा बूट पुरेसा असतो; रोजच्या संथ धावण्यासाठी टिकाऊ बूट वेगळा ठेवता आला तर उत्तम. तिसरी कसोटी नियमांची. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० साली रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिमीपर्यंत मर्यादित केली. ट्रॅकवरील शर्यतींसाठी नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २० मिमी आहे. आपल्या स्पर्धेला कोणते नियम लागू आहेत, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. नाहीतर महागडा बूट ट्रॅकबाहेरच राहायचा. नवा बूट शर्यतीच्याच दिवशी प्रथम घालू नये.

जो मुलगा असा बूट घेऊ शकत नाही, त्याला आपण आधीच हरलो असे वाटू देऊ नये. शालेय वयात नियमित सराव, झोप आणि आहार यांनी होणारी सुधारणा एखाद-दुसऱ्या टक्क्याहून कितीतरी मोठी असते. ‘चार टक्के’ हे शब्द कानावर पडताच ‘कशाचे? कोणाचे? कोणत्या वेगाला?’ असे तीन प्रश्न त्याने विचारले, तर विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे समजावे.