'गोजिरा' आणि तळघरातील ज्ञान

'गोजिरा' हा जपानी चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. पुढे इंग्रजी जगाने त्याचा 'गॉडझिला' केला. त्या नावावर इतकी खेळणी आणि इतके विनोद जमा झाले की, मूळ कृती हा एक गंभीर भयपट आहे, याचेच बहुतेकांना विस्मरण झाले. मराठी कानाला तर हे नाव लाडिकच वाटावे! जपानीत मात्र ते 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या जोडणीतून बनले आहे. समुद्रातून वर येऊन टोकियो जाळणारा हा प्राणी चित्रपटातील सर्वांत प्रचंड गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु ती सर्वांत भयंकर गोष्ट आहे काय? आमच्या मते नाही.

चित्रपटाच्या जन्माची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बचा चाचणीस्फोट केला. त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट निघाली. ती शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षाही कितीतरी अधिक होती. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी नौकेवर पांढरी राख पडली आणि तिच्यावरील २३ खलाशी किरणोत्साराने आजारी झाले. बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजी मरण पावले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत 'गोजिरा' पडद्यावर आला, आणि त्याचा आरंभच मुळी समुद्रात एकाएकी लखलखाट होऊन जळणाऱ्या जहाजाने होतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे जहाज कोणते, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. परकीय ताब्याच्या काळात, १९५२ पर्यंत, जपानमध्ये अणुबॉम्बविषयी लिहिण्या-बोलण्यावर कडक निर्बंध होते. जे उघडपणे बोलता आले नव्हते, ते एका प्राण्याच्या आडून बोलले गेले.

दिग्दर्शक इशिरो होंडा हे स्वतः चीनमध्ये सैनिक होते व मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमाचे अवशेष पाहिले होते. म्हणूनच त्यांच्या टोकियोच्या विध्वंसात कोठेही गंमत नाही. जळत्या रस्त्याच्या कडेला एक स्त्री आपल्या लेकरांना कवटाळून बसली आहे आणि लवकरच आपण तुमच्या बाबांकडे जाणार, असे त्यांना सांगत आहे. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात एका लहान मुलीसमोर किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते. ते कडकडू लागते आणि मोजणारा मनुष्य काही न बोलता केवळ मान हलवितो. आगगाडीतील एक तरुणी सहज बोलता बोलता म्हणते की, नागासाकीतून आपण कशाबशा वाचलो, आणि आता हे. या तीन प्रसंगांना मिळून काही मिनिटेही लागत नाहीत. परंतु पुढे निघालेल्या असंख्य अनुकरणांत मिळून त्यांच्या तोलाचे काही आम्हांस आढळत नाही. रबरी पोशाखात माणूस घालून केलेला प्राणी आज बाळबोध दिसतो, हे मान्य करावयास हवे. प्राचीन जीवांचा काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगणारे प्राध्यापक यामाने शास्त्राच्या परीक्षेत सपशेल नापास होतील, हेही खरे. परंतु ते असो.

ओदो बेटावरील प्रसंगाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. तेथील एक वृद्ध कोळी सांगतो की, पूर्वी मासे मिळेनासे झाले की, या प्राण्याला शांत करण्यासाठी मुलींचा बळी दिला जात असे. आता त्या विधीचे केवळ नृत्य उरले आहे. गावातील तरुण मुलगी त्याची थट्टा करते. त्याच रात्री वादळ येते आणि घरे चिरडली जातात. वरवर पाहता अंधश्रद्धेचा विजय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु चित्रपट नृत्याच्या बाजूने मुळीच नाही. नृत्य करूनही घरे पडतातच. यामाने यांना प्राण्याच्या पावलाच्या ठशात किरणोत्सारी द्रव्य सापडते, आणि कारणाचा माग देवतेकडे न जाता मनुष्याच्या कृतीकडे जातो. हे असल्यामुळे ते झाले. बेटावरील बळी देणारे कोण होते, हे आपणांस ठाऊक आहे. मार्च महिन्यातील त्या खलाशांचा बळी कोणी दिला, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो. प्राणी स्वतःदेखील बॉम्बमुळे आपल्या निवासातून हुसकला गेलेला जीव आहे. त्याच्या मरणावर संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी विजयाची तुतारी वाजविली नाही, याचे कारण तेच असावे.

कारण सापडले, आता ते सांगायचे की नाही? आमच्या मते येथे चित्रपटाचे खरे मर्म आहे. संसदेच्या समितीपुढे यामाने आपले निष्कर्ष मांडतात. एक सभासद उठून म्हणतो की, हे प्रसिद्ध करू नये. परराष्ट्रसंबंध बिघडतील, लोकांत घबराट होईल. स्त्री सभासद खवळून उठतात व सत्य लोकांसमोर आलेच पाहिजे, असा आग्रह धरतात. सभागृहात एकच गोंधळ माजतो. या दृश्यात प्राणी नाही, आग नाही, आणि तरीही ते अंगावर काटा आणते. कारण ज्यांच्या डोक्यावर राख पडणार आहे, त्यांना राखेविषयी कळावे की नाही, हे येथे दुसरेच कोणी ठरवीत आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे डॉ. सेरिझावा. युद्धात एक डोळा गमावलेल्या या शास्त्रज्ञाने पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे भयंकर द्रव्य शोधून काढले आहे. तळघरातील प्रयोगशाळेत तो ते यामाने यांची कन्या एमिको हिला दाखवितो. त्या वेळी प्रेक्षकाला दिसते ती केवळ तिची किंकाळी. माशांच्या टाकीत काय घडले, ते पुष्कळ नंतर कळते. दिग्दर्शकाने भयाचे स्थान किती अचूक ओळखले आहे पाहा. सेरिझावाचे म्हणणे असे की, एकदा हे शस्त्र वापरले की राज्यकर्ते ते आपल्याकडून हिसकावून घेतील. अखेर जळालेले शहर आणि शाळकरी मुलींचे प्रार्थनागीत दूरचित्रवाणीवर पाहून त्याचे मन द्रवते. तो आपले सर्व कागद जाळतो, समुद्रतळाशी ते द्रव्य सोडतो आणि स्वतःची दोरी कापून प्राण्यासह मरतो.

हा त्याग हृदयद्रावक आहे, परंतु तो उत्तर म्हणून स्वीकारता येत नाही. ज्ञान माणसाबरोबर मारून टाकल्याने धोका टळत नाही. ते उद्या दुसऱ्या तळघरात सापडेल. यंत्र आणि आधुनिक संस्कृती यांनाच दोषी धरणाऱ्या विचाराचा समाचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ सालच्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात घेतला आहे. त्यांचे प्रतिपादन असे की, दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत त्याची फळे मूठभरांच्या हाती जातात, तिचा आहे. म्हणून यंत्र टाकू नये, रचना बदलावी. ही कसोटी लावली असता 'गोजिरा' अर्ध्या वाटेवर थांबतो. समितीच्या दृश्यात त्याने रचनेचा प्रश्न उघड केला, आणि शेवटी तो एका एकाकी माणसाच्या सदसद्विवेकावर सोपवून दिला. आणखी एक उणीव नोंदविणे अगत्याचे आहे. चित्रपटात युद्ध हे जणू वादळासारखे येऊन गेलेले संकट आहे. १९३७ साली नानजिंगमध्ये जपानी सैन्याने जे केले, त्याची सावलीही येथे पडत नाही. स्वतःच्या जखमेविषयी इतका प्रामाणिक असलेला कलावंत स्वतःच्या हाताविषयी मौन धरतो, हे खटकते.

समितीतील तो सभासद केवळ जपानचा नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे आपल्या देशाने अणुस्फोट केला. तो निर्णय अगदी थोड्या माणसांत झाला, आणि त्या स्फोटाशी बुद्धाच्या स्मिताचे सांकेतिक नाव कायमचे जोडले गेले. ११ मे १९९८ रोजी पुन्हा स्फोट झाले. तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. ज्यांनी अकारण प्राणिहिंसेचा निषेध केला, त्या तथागतांच्या नावाचा असा उपयोग होत असताना आपल्यापैकी किती जणांनी जाब विचारला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्या समितीतील स्त्रियांइतका आवाज आपण चढविला नाही, एवढे मात्र आम्ही स्वतःपुरते कबूल करतो.

चित्रपट पाहणाऱ्यांना एक सूचना. १९५६ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत रेमंड बर नावाच्या नटाला बातमीदार म्हणून घुसविले आहे. नागासाकीतून वाचलेल्या तरुणीचे ते वाक्य तीत नाही. चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कोठेतरी असाच दुसरा प्राणी उभा राहील, हे यामाने यांचे शेवटचे उद्गारही काढून टाकले आहेत. तेथे त्यांच्या जागी आता जग पुन्हा सुखाने जगू शकेल, असा दिलासा ऐकू येतो. तेव्हा पाहावयाचा तो ९६ मिनिटांचा मूळ जपानी चित्रपटच पाहावा.