युद्धवर्णन आणि लेखकाची जागा: पानिपतविषयक वाङ्मयाच्या निमित्ताने

युद्धावरील वाचनीय ग्रंथ कोणते, या प्रश्नाला बहुधा एखाद्या यादीने उत्तर दिले जाते. यादीत टॉल्स्टॉय असतो, रेमार्क असतो, एकदोन सेनापतींची चरित्रे असतात, आणि मराठी वाचकासाठी एखादी ऐतिहासिक कादंबरी जोडलेली असते. अशी यादी निरुपयोगी असते असे नाही. परंतु निवडीमागचे तत्त्व तिच्यात सांगितलेले नसते. त्यामुळे इतिहासग्रंथ खरा म्हणून वाचावा व कादंबरी रंजक म्हणून वाचावी, अशी एक सोयीची वाटणी वाचकाच्या मनात रूढ होते. युद्धविषयक वाङ्मयाच्या बाबतीत ही वाटणी फार काळ टिकत नाही. पानिपतच्या १७६१ च्या संग्रामाविषयी मराठीत व मराठीबाहेर जे लेखन झाले, त्याचा क्रमाने विचार केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते.

१

लढाई ही मुळात कोणालाच संपूर्ण दिसत नाही. शिपायाला समोरची धूळ आणि शेजारचा माणूस दिसतो. सेनापतीला बातम्या कळतात, पण त्या शिळ्या झाल्यावर. आणि इतिहासकाराला निकाल अगोदरच ठाऊक असतो. म्हणून युद्धावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला कोठे तरी उभे राहावे लागते, आणि त्या जागेवरून जे दिसत नाही त्याचे काय करायचे हे ठरवावे लागते. ते तो मान्य करतो की कल्पनेने अथवा अभिनिवेशाने भरून काढतो, हीच त्याच्या लेखनाची खरी कसोटी होय. ही कसोटी कादंबरीला जितकी लागू पडते तितकीच इतिहासालाही लागू पडते.

पाश्चात्त्य कादंबरीत या जाणिवेचा ठळक आरंभ स्तांदालच्या 'पार्माचा मठ' (१८३९) या कृतीत आढळतो. तिचा तरुण नायक वॉटर्लूच्या रणक्षेत्रावर भटकतो. आपण पाहिली ती खरोखर लढाई होती काय, याविषयी त्याच्या मनात अखेरपर्यंत संशय राहतो. स्तांदाल नेपोलियनच्या सैन्याबरोबर १८१२ च्या रशियाच्या मोहिमेवर गेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. टॉल्स्टॉयने त्याचे ऋण मान्य केले आहे. 'युद्ध आणि शांती'मध्ये बोरोदिनोची लढाई पिएरसारख्या युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाच्या नजरेतून दाखविली आहे, आणि तिच्याजवळच सेनापतींच्या हुकमांवर व इतिहासकारांच्या नकाशांवर कठोर भाष्यही केले आहे. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात स्वतः तोफखान्यावर काम केलेल्या लेखकाला तो अधिकार होता.

परंतु अनुभव हाच एकमेव अधिकार नव्हे. स्टीफन क्रेनचा जन्म अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर, १८७१ मध्ये झाला. तरीही त्याच्या 'शौर्याचे लाल चिन्ह' (१८९५) या कादंबरीत नवख्या शिपायाच्या भीतीचे जे चित्रण आहे ते वाचून ही कृती एखाद्या जुन्या सैनिकाचीच असावी असे अनेकांना वाटले. उलट रेमार्कच्या 'पश्चिम आघाडीवर सारे शांत' (१९२९) या कादंबरीला प्रत्यक्ष खंदकाचा अनुभव होता. पण तिचे सामर्थ्य त्या अनुभवापेक्षा तिच्या संयमात अधिक आहे. तिचा निवेदक आपल्या तुकडीपलीकडचे काही सांगत नाही. युद्ध कोणी सुरू केले, कोण चुकले, हे प्रश्न त्या तरुणांच्या बोलण्यात येतात व तेथेच विरून जातात.

इतिहासलेखनात याच प्रश्नाला सरळ भिडणारा ग्रंथ म्हणजे जॉन कीगन यांचा 'लढाईचा चेहरा' (१९७६). आपण कधीही लढाई पाहिलेली नाही, हे कीगन आरंभीच सांगून टाकतात. पलटणी म्हणजे पटावरील सोंगट्या आहेत अशा थाटात लिहिलेल्या पारंपरिक रणवर्णनांची ते चिकित्सा करतात, आणि अॅजिनकोर्ट, वॉटर्लू व सोम या तीन लढायांविषयी अगदी साधे प्रश्न विचारतात. घोडेस्वार खरोखर पायदळावर जाऊन आदळत असे काय? जखमींचे काय होई? माणसे पळून न जाता उभी का राहत? पानिपतचा अभ्यास करणाऱ्याने हे प्रश्न हाताशी ठेवावेत. कारण ते मराठीत फारच थोड्या वेळा विचारले गेले आहेत.

२

पानिपतच्या बाबतीत पहिले वाचन पत्रांचे असावे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात (१८९८) १७५० ते १७६१ या काळातील पत्रे प्रसिद्ध केली, आणि विस्तृत प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर प्रहार केला. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आल्याचा उत्साह. त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीचा रस्ता अडविल्यानंतरची अस्वस्थता. नोव्हेंबरपासून समोरासमोर पडलेल्या दोन छावण्या आणि हळूहळू वाढत गेलेली धान्याची, वैरणीची व पैशाची टंचाई. या सर्व गोष्टी निकाल माहीत नसताना कशा भासल्या असतील, याचा प्रत्यय अशा समकालीन लेखनाइतका अन्यत्र येत नाही.

दुसरे वाचन काशीराज पंडिताचे. हा महाराष्ट्रीय ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. म्हणजे तो जन्माने एका बाजूचा आणि चाकरीने दुसऱ्या बाजूचा. त्याने सुमारे १७८० मध्ये फार्सीत वृत्तान्त लिहिला व अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. तहाच्या बोलण्यात तो मध्यस्थ होता. १४ जानेवारी १७६१ रोजी उजाडण्यापूर्वी भाऊसाहेबांची अखेरची चिठ्ठी त्याच्याकडेच आली. आणि लढाईनंतर प्रेतांच्या राशीत भाऊंचे शव शोधणाऱ्यांतही तो होता. पागोट्यांचे शेव सोडून व तोंडाला हळद फासून मराठे बाहेर पडले, हा तपशील त्याच्याच वृत्तान्तातला. मराठ्यांचे घोडदळ ५५ हजार व पायदळ १५ हजार असल्याचे तो सांगतो. यदुनाथ सरकारांनी पुढे मराठी फौजेचा अंदाज एकूण ४५ हजारांच्या आसपास केला. आकड्यांविषयी शंका घेता येते, वीस वर्षांनंतरच्या स्मरणाविषयीही घेता येते. परंतु विजेत्याच्या छावणीत राहून पराभूतांसाठी हळहळणारी ही नजर युद्धवाङ्मयात दुर्मिळ आहे. तिचे मोल कशानेही कमी होत नाही.

३

राजवाड्यांच्या टीकेनंतर बखर ही अविश्वसनीय म्हणून बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती बळावली. तपशिलाच्या दृष्टीने ती टीका योग्यच होती. तथापि 'भाऊसाहेबांची बखर' ही केवळ चुकलेल्या तारखांची वही नव्हे. तिचा कर्ता समोरच्या प्रसंगाकडे महाभारताच्या चौकटीतून पाहतो. त्याला दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाटावरील अंत (१० जानेवारी १७६०) हा पुढील सर्वनाशाचा पहिला अंक वाटतो, आणि मल्हारराव होळकर व नजीबखान यांचा संबंध हे अनर्थाचे मूळ वाटते. हे आकलन कार्यकारणाच्या दृष्टीने अपुरे असेल. पण आपल्यावर कोसळलेल्या आपत्तीला त्या पिढीने कोणता अर्थ दिला, याचे ते अस्सल साधन आहे. बखरीचे गद्यही युद्धाला अनुरूप असे आहे. तिची छोटी, धावती, क्रियापदांनी भरलेली वाक्ये पुढील काळातील पल्लेदार ऐतिहासिक कादंबरीने गमावली, असे म्हणावे लागते.

मात्र बखरीपासूनच एक दोषही सुरू झाला. तो दोष म्हणजे अपराध्याचा शोध. भाऊंचा ताठा, मल्हाररावांची दुटप्पी नीती, गोविंदपंत बुंदेल्यांची हयगय, गोल मोडून पुढे धावलेले घोडदळ, अशी आरोपींची मालिकाच तयार झाली. खुद्द राजवाड्यांनीही बखरीचा पुरावा नाकारून खटला मात्र चालूच ठेवला. त्यांनी केवळ आरोपी बदलले. दीडशे वर्षे मराठी वाचक पानिपतकडे लढाई म्हणून न पाहता चौकशी म्हणून पाहत राहिला. चौकशीत एक निकाल लागतो आणि कागदपत्रे बंद होतात. लढाई समजून घेण्याचे काम तेथे सुरूही झालेले नसते.

४

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी केला. त्यांचा इंग्रजी प्रबंध डेक्कन कॉलेजने १९४६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि 'पानिपत : १७६१' हा मराठी ग्रंथ संग्रामाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये आला. शेजवलकरांनी रणभूमी स्वतः पाहिली, तिचा नकाशा व अंतरे तपासली. अखेरच्या दिवशी मराठ्यांचा हेतू शत्रूवर तुटून पडण्याचा नव्हता, तर गोल बांधून लढत लढत वाट काढण्याचा होता, हे त्यांचे प्रतिपादन आजही विचारार्ह आहे. उपाशी माणसे, खंगलेली घोडी, जड तोफा आणि फौजेबरोबरचा बुणग्यांचा, बायकामुलांचा व यात्रेकरूंचा प्रचंड समुदाय या गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे गोलाची रचना हट्टाची न ठरता अपरिहार्यतेची ठरते. डाव्या बगलेवर इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांवर घातलेला घाला आणि मध्यभागी भाऊंनी शाहवलीखानाला मागे रेटणे यांचे यशही मग अधिक आश्चर्यकारक वाटू लागते.

शेजवलकरांचा ग्रंथ निर्दोष नाही. त्यांच्या विवेचनात अभिनिवेश आहे. हिंदुस्थानच्या संरक्षणासाठी मराठे लढले हा सिद्धान्त ते इतक्या आवेशाने मांडतात की पुरावा कोठे संपतो व निष्ठा कोठे सुरू होते हे काही ठिकाणी कळेनासे होते. पण ते आपली जागा लपवीत नाहीत. वाचकाला त्यांच्याशी भांडता येते, ही त्यांच्या लेखनाची मोठी शक्ती आहे. अभ्यासकाने हा ग्रंथ सरकारांच्या 'मोगल साम्राज्याचा ऱ्हास' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाबरोबर (१९३४) वाचावा. एकाच पुराव्यातून दोन समर्थ इतिहासकार किती भिन्न चित्रे उभी करतात, हे पाहणे हाच एक पाठ आहे.

५

या सर्व सामग्रीनंतर विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी वाचली म्हणजे तिचे यश व मर्यादा दोन्ही नीट दिसतात. भाऊसाहेबांची उद्दाम ही रूढ प्रतिमा मोडून एका विचारी, एकाकी सेनानायकाची प्रतिमा तिने सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचविली. जे काम संशोधनपर लेखनाने पंडितांच्या वर्तुळात केले होते, ते या कादंबरीने घरोघरी केले. मोहिमेचा पल्ला, नद्यांचे अडथळे, रसदीची ओढाताण यांना तिने कथानकात मानाचे स्थान दिले, हेही मोठे श्रेय होय.

तथापि तिचे निवेदन सर्वसाक्षी आहे. ते पुण्यात असते, भाऊंच्या डेऱ्यात असते, आणि शत्रूच्या मसलतीतही असते. जे कोणालाच दिसले नाही ते वाचकाला दिसत राहते. त्यामुळे उत्कंठा वाढते, परंतु युद्धातील अज्ञान आणि त्या अज्ञानातून निर्माण होणारी भीती उणावते. दुपारी विश्वासराव पडल्याची बातमी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत कशी पोचली असेल, कोणाला ती खोटी वाटली असेल, कोण ती ऐकण्यापूर्वीच मरण पावला असेल, हा खरा कादंबरीचा विषय आहे. तो सर्वज्ञ निवेदकाच्या हाती लागणे कठीण. मराठी ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड'पासून (१८७१) बहुधा नायकाच्या खांद्याशी उभी राहिली आहे. तोफेच्या गाड्याला जुंपलेल्या बैलांच्या शेजारी ती क्वचितच उभी राहिली.

असे उभे राहणे मराठीला अशक्य नव्हते, याची दोन प्रमाणे देता येतात. विष्णुभट गोडसे या वरसईच्या भिक्षुकाने दक्षिणेच्या आशेने उत्तरेत जाऊन १८५७ चा उठाव व झांशीचा पाडाव पाहिला. १८८३ मध्ये लिहिलेला त्याचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. गोडसेभटजींना युद्धशास्त्र ठाऊक नाही, राजकारणही फारसे ठाऊक नाही. ते जिवाच्या भयाने लपतात, आणि लपलेल्या माणसाला जे दिसते व ऐकू येते तेवढेच सांगतात. म्हणूनच झांशीचे त्यांचे वर्णन विश्वसनीय वाटते. दुसरे प्रमाण विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीचे. तिच्यात लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे, निर्वासित ज्यू आहेत, आणि एक हिंदी तरुण आहे. पण येऊ घातलेल्या महायुद्धाने माणसांच्या संबंधांत आधीच किती विध्वंस केला आहे, हे त्या लहानशा जागेतून जितके दिसते तितके अनेक मोठ्या युद्धकादंबऱ्यांतून दिसत नाही.

६

या विवेचनातून वाचनाचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम समकालीन पत्रे व काशीराज, त्यानंतर बखर, मग शेजवलकर आणि सरकार समोरासमोर ठेवून, आणि अखेरीस कादंबरी. या क्रमाला स्तांदाल, टॉल्स्टॉय व कीगन यांची जोड दिली असता पानिपतविषयीचे प्रश्नच बदलतात. 'कोणामुळे हरलो' या प्रश्नाची जागा 'तेथे काय घडले, आणि ते कोणाला कसे भासले' हा प्रश्न घेतो. पहिल्या प्रश्नाने दोन शतकांहून अधिक काळ मराठी मनाला गुंतवून ठेवले आहे. पराभवाचे दुःख त्याने थोडेफार हलके केले असेल. परंतु पुण्याला मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेत ज्यांचा हिशेब पोचला, त्या नाव नसलेल्या चिल्लरीविषयी तो प्रश्न काहीच सांगू शकत नाही. तिची दखल घेणारा इतिहास आणि तिच्यातून जन्म घेणारी कादंबरी या दोन्ही गोष्टी मराठीत अद्याप व्हावयाच्या आहेत; आणि त्यांची पूर्वतयारी करणे हे या विषयाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.