आंतरजाल आणि लोकसभा निवडणुका : प्रभावाच्या दाव्याची समीक्षा (विशेष संदर्भ : नागपूर)

प्रस्तावना :

लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीनंतर विजयाचे श्रेय अथवा पराभवाचे खापर एखाद्या माध्यमाच्या माथी ठेवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. २०१४ पासून हा मान समाजमाध्यमांकडे गेला. 'निवडणूक आंतरजालावर जिंकली' हे विधान वृत्तपत्रांतून, चर्चासत्रांतून आणि आपल्या प्राध्यापक-कक्षांतूनही इतक्या सहजपणे केले जाते की, त्यास पुरावा मागावा असे कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात या विधानाची समीक्षा नागपूर मतदारसंघ व विदर्भ यांच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे. आंतरजालाचा राजकीय प्रभाव मुळीच नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. तो कोठे, कोणावर आणि कशाच्या आधारे पडतो, हा खरा प्रश्न होय.

दाव्याची पूर्वपीठिका :

२००४ च्या निवडणुकीत 'इंडिया शायनिंग' या जाहिरात-मोहिमेबरोबरच तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रित संदेश दूरध्वनीवरून घरोघरी पोहोचविण्यात आला. तंत्र नवे होते; सत्ता मात्र गेली. २००९ मध्ये लालकृष्ण आडवाणी यांच्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ व आंतरजालावरील व्यापक प्रचार उभा करण्यात आला. त्या निवडणुकीत काँग्रेसला २०६ आणि भारतीय जनता पक्षाला ११६ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये त्याच पक्षाने २८२ जागा जिंकल्या, तेव्हा पूर्वीच्या दोन अनुभवांचा सोयीस्कर विसर पडला. मधल्या पाच वर्षांत आंतरजालाचा प्रसार वाढला, हे खरे. परंतु महागाई, गैरव्यवहारांचे आरोप, दहा वर्षांच्या सत्तेविषयीची नाराजी आणि पक्षसंघटनेची बांधणी हेही त्याच काळात घडत होते. एकाच वेळी वाढलेल्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असते, असे मानणे तर्काला धरून नाही.

संख्येचा न्याय :

या दाव्यास शास्त्रीय रूप देण्याचा एक प्रयत्न एप्रिल २०१३ मध्ये झाला. आयरिस नॉलेज फाउंडेशन आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या अहवालात ५४३ पैकी १६० मतदारसंघ फेसबुकच्या दृष्टीने 'उच्च प्रभावा'चे ठरविण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील २१ मतदारसंघ होते. जेथे फेसबुक वापरणाऱ्यांची संख्या मागील विजयी मताधिक्याहून अधिक अथवा एकूण मतदारांच्या दहा टक्क्यांहून जास्त, तेथे प्रभाव उच्च, असा हा निकष होता.

हा निकष नागपूरला लावून पाहावा. २००९ मध्ये विलास मुत्तेमवार यांनी बनवारीलाल पुरोहित यांचा सुमारे २४ हजार ६०० मतांनी पराभव केला. एवढ्या मताधिक्याहून मोठा समूह या शहरात शोधावा लागत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, शासकीय व निमशासकीय कर्मचारी, किरकोळ व्यापारी यांपैकी प्रत्येक वर्ग त्याहून मोठा आहे. अहवालाच्या न्यायाने हे सर्वच वर्ग 'निर्णायक' ठरतील आणि निर्णायक या शब्दास काही अर्थच उरणार नाही. फेसबुकचे सर्व सदस्य एका मताने वागतात, ते त्याच मतदारसंघाच्या यादीत असतात आणि ते मतदानासही जातात, ही तीन गृहीतके त्यात दडलेली आहेत. पुढे २०१४ मध्ये नितीन गडकरी यांनी मुत्तेमवार यांच्यावर सुमारे २ लाख ८५ हजार मतांनी विजय मिळविला. नंतरच्या दोन निवडणुकांत त्यांचे मताधिक्य अनुक्रमे सुमारे २ लाख १६ हजार व १ लाख ३७ हजार झाले. याच दशकात स्वस्त डेटामुळे आंतरजाल घराघरांत पोहोचले. माध्यमाची वाढ आणि मताधिक्य यांचा सरळ संबंध येथे तरी दिसत नाही.

नागपूर आणि गडचिरोली :

१९ एप्रिल २०२४ रोजी नागपूर व गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. एकीकडे भ्रमणध्वनी ही नित्याची वस्तू झालेले महानगर. दुसरीकडे अनेक गावांत संपर्काचीच वानवा असलेला, नक्षलग्रस्त भागात दुपारी ३ वाजताच मतदान आटोपावे लागणारा वनप्रदेश. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले, नागपुरात सुमारे ५४ टक्के. नागपूरच्या यादीत २२ लाखांहून अधिक मतदार होते. म्हणजे सुमारे १० लाख नावांसमोर शाई लागलीच नाही. मृत व स्थलांतरित मतदारांची नावे वजा केली तरी ही संख्या विजयी मताधिक्याच्या कितीतरी पट उरते. राजकीय मजकूर ज्यांच्यापर्यंत सर्वाधिक पोहोचतो, त्याच शहरातील एवढे नागरिक मतदान केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत. मजकूर वाचणे आणि राजकीय कृती करणे यांतील हे अंतर प्रभावाच्या चर्चेत क्वचितच मोजले जाते.

पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा अभ्यास करून १९४४ मध्ये असे मांडले की, माध्यमातील संदेश बहुधा थेट मतदारावर परिणाम करीत नाही. तो आधी परिसरातील विश्वासाच्या व्यक्तींकडे जातो आणि त्यांच्यामार्फत इतरांकडे झिरपतो. आज हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून येत असला तरी तो कोणी पाठविला, यावरच त्याचे वजन ठरते. महालातील शाखेचा जुना स्वयंसेवक, उत्तर नागपुरातील विहाराचा कार्यकर्ता, मोहल्ल्यातील मास्तर यांचे स्थान भ्रमणध्वनीने हिरावून घेतलेले नाही. त्यांच्या हाती एक साधन मात्र वाढविले आहे.

'नॅरेटिव्ह' आणि मतदाराचा विवेक :

२०२४ मध्ये राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. विदर्भातील १० पैकी ७ जागा तिच्याकडे गेल्या. संविधान बदलले जाईल असे 'फेक नॅरेटिव्ह' पसरविल्यामुळे हे घडले, असे स्पष्टीकरण पराभूत पक्षाकडून देण्यात आले. वस्तुतः चारशे जागांचा संबंध घटनादुरुस्तीशी जोडणारे वक्तव्य मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातील खासदार अनंतकुमार हेगडे यांनी जाहीर सभेत केले होते. ते भ्रमणध्वनीवरून दूरवर गेले, हे मान्य. परंतु ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेथे संविधानाविषयीची जागरूकता एखाद्या चित्रफितीने निर्माण केली असे म्हणणे त्या समाजाच्या सत्तर वर्षांच्या वैचारिक वाटचालीचा अवमान करणारे आहे. पुढे पाचच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या २८८ पैकी १३२ जागा एकट्या भाजपने मिळविल्या. माध्यमे तीच होती, मतदारही बहुतांशी तेच होते. तेव्हा विजयी पक्षाने 'लाडकी बहीण' योजनेचे दाखले दिले आणि 'नॅरेटिव्ह' हा शब्द मागे पडला. आपला विजय हा मतदाराचा विवेक आणि आपला पराभव ही त्याची दिशाभूल, हा दुटप्पीपणा सर्वच पक्षांत आढळतो. त्यात मतदार हा विचार करणारा नागरिक न राहता केवळ लक्ष्य ठरतो.

नियमनाचा प्रश्न :

या गैरसमजाची किंमत मोजावी लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. याउलट जेथे लक्ष घालावयास हवे तेथे ढिलाई राहिली. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ च्या निर्देशांद्वारे उमेदवारांची समाजमाध्यमांवरील खाती व त्यावरील खर्च हिशेबात आणला. परंतु उमेदवार वा पक्ष नसलेल्या त्रयस्थांच्या मजकुराचा प्रश्न पुढील विचारविनिमयावर सोडला. पैसा नेमका याच वाटेने वाहू शकतो.

आंतरजालावरील संदेश घातक ठरतोच, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. अफवा भ्रमणध्वनीवरून आली होती. भटक्यांविषयीचा संशय मात्र फार जुना होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाच संवादांची मर्यादा घातली. संदेश त्यामुळे मंदावतो, संशय नव्हे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आंतरजाल समाजात आधीच असलेल्या विश्वासाला, भयाला वा आकांक्षेला वेग देते. शून्यातून मत घडवीत नाही. म्हणून निकालाचा अभ्यास पडद्यावरील संख्येपासून नव्हे, तर वस्ती, संघटना आणि रोजीरोटी यांपासून सुरू करावयास हवा. आपल्यापैकी अनेकांनी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. सायंकाळी यंत्र मोहोरबंद करताना यादीतील कोऱ्या राहिलेल्या रकाना आपण पाहिल्या आहेत. त्यांत आपल्या वर्गातील अठरा वर्षे पूर्ण केलेले विद्यार्थीही असतात. आलेला संदेश तपासून पाहण्याची सवय त्यांना लावणे आणि त्यांचे नाव यादीत आहे की नाही हे वर्गातच विचारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.